मुलगा पैसे नाही, प्रार्थना मागतोय

जय ख्रिस्त, ताई.

मी कोल्हापूरची. मुलगा पोलंडमध्ये क्राकुवला एका कंपनीत नोकरीला आहे, युद्ध सुरू व्हायच्या आधीपासून. तिथे इंग्रजीत भक्ती चालते अशा एका मंडळीत (चर्चमध्ये) तो जातो. मंडळीने युक्रेनच्या निर्वासितांसाठी एक घर चालवायला घेतलंय, तिथे दर शनिवारी कामाला असतो. रात्री मला मेसेज करतो, या आठवड्यात कोणासाठी काय प्रार्थना करायची त्याचा. तो मी बुधवारी आमच्या महिला सभेत वाचून दाखवते. आधी सगळ्या डोळे पुसत ऐकायच्या. आता एक बाई म्हणतात, "अजून चालूच आहे होय ते?" दुसरी म्हणाली, "आज पोरगं प्रार्थना मागतंय, उद्या पैसे मागंल." धाकटे दीर विचारतात, मणिपूरच्या लोकांसाठी कधी गुडघे टेकलेत का तुम्ही? शेजारच्या वहिनी म्हणाल्या, त्या लोकांना ख्रिस्ती करायला जातात का ही मुलं? मिस्टर काहीच बोलत नाहीत. आणि गेल्या महिन्यात मुलाने लिहिलं, "आई, या वेळी काय मागायचं तेच कळत नाही. तूच काहीतरी माग." तेव्हापासून माझं चित्त ठिकाणावर नाही. वाचणं बंद करू? पैसे पाठवू? त्याला परत बोलावून घेऊ? की मीच एकदा जाऊन येऊ?

— कोल्हापूरची एक आई


जय ख्रिस्त, ताई. वयाने तुम्हीच मोठ्या असणार, तरी तुम्ही मला ताई म्हणालात, मीही तेच म्हणते.

आधी मुलाचं बघू. बाकीच्या बायका आणि दीर थांबतील थोडे.

२४ फेब्रुवारी २०२२ ला युद्ध सुरू झालं आणि ८ मार्चपर्यंत वीस लाखांवर माणसं युक्रेनबाहेर पडली होती, त्यातली निम्म्याहून जास्त पोलंडमध्ये. सीमेजवळच्या प्शेमिश्ल या पोलिश शहराचं रेल्वे स्टेशन, मेडिकाचा सीमानाका ही नावं तेव्हा तुमच्या सभेतही वाचली गेली असतील. प्शेमिश्लला टेस्कोचं जुनं मोठं दुकान रिकामं पडलं होतं, त्यात खाटा टाकून लोकांना ठेवलं. त्या दिवसांतली प्रार्थना विनंती कशी असायची आठवा. आज रात्री दहा जणांना झोपायला जागा मिळू दे. एका आजीला इन्सुलिन हवंय. बर्लिनच्या बसमध्ये दोन जागा मिळू देत. रात्री मागायचं, सकाळी कळायचं. जागा मिळाली तर मिळाली, नाहीतर दुसरं दार ठोठवायचं. दमायला व्हायचं, पण काय मागायचं हा प्रश्न कधी पडायचा नाही.

आता त्या घरात कोण राहत असेल? युद्धकाळाच्या कायद्याने १८ ते ६० वयाच्या पुरुषांना देश सोडायला बंदी घातली (अलीकडे अगदी तरुण मुलांपुरती ती सैल केली आहे), त्यामुळे अशा घरांत मुख्यतः बायका, मुलं आणि म्हातारी माणसं. कोणाचा नवरा आघाडीवर आहे आणि त्याचा फोन लागत नाही. कोणाचा मुलगा पोलिश शाळेत तोंडच उघडत नाही. कोणा आजीला घरी जायचंय, आणि ज्या गावात जायचं तिथे घर उरलेलं नाही. या गोष्टी सकाळपर्यंत सुटणाऱ्या नाहीत. तुमचा मुलगा आठवडाभर संगणकासमोर बसतो आणि शनिवारी हे ऐकतो. वर पोलंडमधल्या लोकांचं मनही आता २०२२ सारखं राहिलेलं नाही. तेव्हा स्वतःच्या घरात खोली देणारे काही जण आता "किती दिवस?" असं विचारतात. तुमच्या सभेतल्या बाईंसारखंच.

त्यामुळे "काय मागायचं कळत नाही" हे वाचून त्याचा विश्वास डळमळला असं समजू नका. बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात प्रेषित पौल हेच कबूल करतो, की कशासाठी प्रार्थना करावी हे आपल्याला यथायोग्य ठाऊक नसतं, आणि मग पवित्र आत्मा स्वतः उसासे टाकत आपल्यासाठी मध्यस्थी करतो. पौलाला जे लिहायला संकोच वाटला नाही ते तुमच्या मुलाने आईला लिहिलं. आजवरच्या त्याच्या सगळ्या विनंत्यांत मला ही सगळ्यात खरी वाटते. पहिल्यांदाच त्याने स्वतःसाठी मागितलंय.

पण हे वचन त्याला पाठवू नका. ते त्याला पाठ असेल. त्याला विचारा, शनिवारी जेवतोस कधी? घरी आल्यावर कोणाशी बोलतोस? झोप लागते का? एखादा शनिवार सुट्टी घेतोस का, आणि घेतलीस तर मंडळीतलं कोणी तोंड वाकडं करतं का? तिथल्या पाळकांनी स्वयंसेवकांच्या पाळ्या लावल्या नसतील तर लावायला हव्यात, आणि हे मुलाने त्यांना स्पष्ट सांगावं. इतरांचं दुःख ऐकून ऐकून माणूस आजारी पडतो हे मदतकार्यातल्या लोकांना चांगलं माहीत आहे. झोप उडणं, बारीकसारीक गोष्टीवरून चिडणं, सुट्टीवर गेल्यावर अपराधी वाटणं, किंवा याच्या उलट, काही ऐकून काहीच न वाटणं, यातलं काही दिसलं तर त्याने समुपदेशकाकडे जायला हवं. तिथल्या बऱ्याच कंपन्यांमध्ये ती सोय असते. "प्रार्थना कर, बरं वाटेल" हे उत्तर अशा वेळी देऊ नका. आणि तो फोनवर बोलत असताना स्पीकर लावू नका. हे मी जवळजवळ प्रत्येक परदेशस्थ मुलाच्या आईला सांगते, कोणी ऐकत नाही.

आता सभेचं. वाचणं बंद करू नका, पण वाचण्याची रीत बदला.

"अजून चालूच आहे होय ते?" याचं उत्तर हो असं आहे. युरोपीय संघाने युक्रेनच्या लोकांना ४ मार्च २०२२ ला तात्पुरतं संरक्षण दिलं. त्यासाठीचा कायदा बाल्कन युद्धांनंतर २००१ मध्ये केलेला, वीस वर्षं कागदावरच होता, तो पहिल्यांदा वापरला. "तात्पुरतं" ची मुदत वाढवत वाढवत आता मार्च २०२७ पर्यंत आली आहे. बातम्या निघून गेल्या, माणसं तिथेच आहेत. प्रार्थना मागणारा मुलगा नेमकं हेच सांगतोय, की टीव्हीवाले गेले, तुम्ही जाऊ नका. त्या बाईंना हे रागाने सांगू नका. कंटाळा येणं पाप नाही. त्यांना एक ठरावीक काम द्या: एक आजी, एवढंच धरून त्यांनी रोज दोन मिनिटं प्रार्थना करावी, पुढच्या महिन्यात दुसऱ्या कोणासाठी. सगळ्या युक्रेनचा भार वाहताना कोणीही दमेल.

"उद्या पैसे मागंल" वाल्या बाईंचा सूर मला ओळखीचा आहे. आपल्या मंडळ्यांत प्रार्थनेच्या पत्रकाखाली खाते क्रमांक छापायची पद्धत इतकी पडली आहे की त्यांचा संशय अगदीच वाऱ्यावरचा नाही. कोणीतरी याकोबाचं पत्रही काढेल: उघड्या-उपाशी माणसाला "सुखाने जा, ऊब घ्या" म्हणालात आणि दिलं काहीच नाही, तर काय उपयोग? बरोबर आहे. पण इथे मागणारा कोण आहे बघा. ब्लँकेट देणारा, पोती उचलणारा, आजीला दवाखान्यात नेणारा तोच आहे. त्याने तुमच्याकडे मागितली ती एकच गोष्ट, जी त्याला क्राकुवच्या दुकानात मिळत नाही. त्याने प्रार्थनाच मागितली असताना तुम्ही पाकीट उघडलंत, तर त्याची मागणी तुम्ही ऐकलीच नाही असं होईल.

पैशाचं एवढंच: पाठवू नका. मुलगा झ्लॉटीत, म्हणजे पोलंडच्या चलनात कमावतो, द्यायचे ते तिथूनच देतो. मंडळीच्या खात्यातून तर परदेशी रक्कम पाठवायच्या फंदातच पडू नका. धर्मादाय ट्रस्टच्या पैशांना वेगळे नियम लागतात, पुढे हिशोब तपासणाऱ्यापुढे सगळ्यांचीच पंचाईत होईल.

वाचायचं कसं, ते जरा नीट सांगते. मेसेज जसाच्या तसा वाचू नका, आणि महिला संघाच्या ग्रुपवर तर पुढे ढकलूच नका. आडनाव नको, गाव नको, मुलांचे फोटो अजिबात नकोत. कोणाचे आईवडील रशियाच्या ताब्यातल्या भागात अडकलेले असतात, कोणाचा भाऊ कुठल्या तुकडीत आहे हे बाहेर गेलेलं चालत नाही. कोल्हापुरातून कुठे जाणार, असं वाटेल. आपल्याकडचा फॉरवर्ड संध्याकाळपर्यंत दुबईत असतो. पहिल्या आठवड्यांत सीमेवर आणखी एक प्रकार घडत होता. पाट्या हातात धरून फुकट गाडीने नेतो म्हणणाऱ्यांची गर्दी, त्यात बहुतेक भली माणसं, पण एकट्या बायका-मुलींवर डोळा ठेवून आलेलेही असू शकतात ही भीती पोलिसांना होती. म्हणून गाडीवाल्यांची नोंदणी सुरू झाली, स्टेशनवर सूचना लागल्या. मदतीच्या वेषात कोणीही येऊ शकतं, हे त्या बायकांना शिकवलं गेलंय. आपण त्यांची माहिती गावभर वाटली तर आपणही त्याच रांगेत. "दोन नातवंडांना घेऊन आलेली एक आजी" एवढं पुरे. देवाला आधार क्रमांक लागत नाही.

आणि मागच्या विनंतीचं पुढे काय झालं ते दर वेळी सांगा. चांगलं झालं नसलं तरी. साक्ष द्यायला आपण उभे राहतो ते नेहमी मनासारखं झालेलं सांगायला. न झालेलं सांगायची आपल्याला सवय नाही. नवऱ्याचा फोन आला नाही, तर "फोन आला नाही" असं सभेत म्हणा आणि पुन्हा मागा. बायका त्यानेच जाग्या होतील, बघा.

एक वाक्य मात्र सभेत कोणालाही म्हणू देऊ नका: या युद्धामुळे सुवार्तेला (ख्रिस्ताच्या प्रचाराला) दार उघडलं म्हणून देवाची उपकारस्तुती. हे मी ऐकलेलं आहे, आणि ऐकून माझ्या अंगावर काटा आला. तसंच, त्या बायकांना शत्रूला क्षमा करण्याची बुद्धी दे, हेही इतक्या लांबून, पंख्याखाली बसून मागू नका. स्तोत्रसंहितेत शत्रूवर आग ओकणारी स्तोत्रं आहेत, ती कोणी गाळली नाहीत. क्षमा करायची की नाही, कधी, कशी, हे ज्यांचं घर पडलं त्यांनी ठरवायचं. मुलालाही हे सांगून ठेवा. तो शहाणा दिसतो, पण मंडळीतला एखादा उत्साही भाऊ हे बोलून जातो.

वहिनींचा प्रश्न मला अपमानकारक वाटत नाही. सरळ उत्तर म्हणजे, ते लोक आधीच ख्रिस्ती आहेत: बहुतेक ऑर्थोडॉक्स, पश्चिम भागात ग्रीक कॅथलिक, आणि बाप्टिस्टही बऱ्यापैकी. पण एवढं सांगून हात झटकू नका, कारण ऑर्थोडॉक्स माणसाला आपल्या मंडळीत ओढणारेही असतातच. आणि महाराष्ट्रात या प्रश्नाला इतिहास आहे. ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंनी विधवांसाठी काढलेल्या शारदा सदनातल्या हिंदू मुली त्यांच्या प्रार्थनेला बसतात यावरून १८९३ मध्ये केवढं वादळ झालं; रानडे, भांडारकरांसारखे सल्लागार बाहेर पडले. ज्यांनी रमाबाईंना मदत केली होती तेच ते. वहिनी त्याच शंकेतून विचारतात.

रेड क्रॉस आणि मोठ्या मदतसंस्थांनी १९९४ मध्ये एक आचारसंहिता केली, चर्चच्या संस्थाही त्यात होत्या. मदत कोणत्याही राजकीय किंवा धार्मिक भूमिकेच्या प्रचारासाठी वापरायची नाही, असं त्यात लिहिलंय. मुलाला दोनच गोष्टी विचारा. जेवणाच्या आधी धर्माचा संदेश (प्रवचन) असतो का? आणि प्रार्थनेच्या वेळी उठून गेलेल्या बाईला सामानाची पिशवी तशीच मिळते का? पहिल्याचं उत्तर नाही आणि दुसऱ्याचं हो असेल, तर वहिनींना बिनधास्त सांगा. उत्तरं उलटी आली तर मुलाने ते घर सोडून दुसरीकडे काम बघावं. वहिनींना हेही सांगा की २०२२ च्या मार्चमध्ये पोलंडच्या त्याच भागात शीख लंगर लावून उभे होते, झेशुवला स्वामिनारायण संस्थेचे लोक शाकाहारी जेवण रांधत होते, आणि युक्रेनमधून निघालेली आपली वैद्यकीय शिकणारी मुलं तिथे जेवली. कोणी त्यांना आधी जप करायला लावला नाही.

आता तिथे जाऊन त्यांच्यासोबत प्रार्थना करायची का, हा वेगळा मुद्दा. बाईने स्वतः म्हटलं तर जरूर. पण ऑर्थोडॉक्स लोक उभ्याने, मेणबत्ती लावून, प्रतिमेसमोर, ठरलेल्या शब्दांत प्रार्थना करतात. आपल्याकडे सगळे एकदम मोठ्याने सुरू होतात तसं तिथे केलं, तर सायरन ऐकत तळघरात झोपलेलं पोर टेबलाखाली जाईल. विचारावं, आणि हो म्हणाल्या तर नुसतं शेजारी उभं राहावं.

दिरांचा मणिपूरचा प्रश्न टोमणा म्हणून आला असेल, प्रश्न मात्र खरा आहे. ३ मे २०२३ ला मैतेई आणि कुकी समाजांत हिंसाचार सुरू झाला, तेव्हापासून तिथे साठ हजारांच्या आसपास माणसं घरदार सोडून गेली, कित्येक अजून छावण्यांत आहेत, त्यात आपल्या विश्वासाचे आहेत आणि नसलेलेही. तुमच्या सभेत त्यांच्यासाठी कधीच प्रार्थना झाली नसेल तर या बुधवारपासून करा. दिरांनाच बोलवा चालवायला. मैतेई आणि कुकी दोघांसाठी मागायचं, एवढी अट घाला. तुम्हाला पैसे द्यायचेच असतील तर ते तिकडच्या कामाला द्या, देशातल्या देशात पाठवायला सोपं. फक्त, दिरांनी येऊन चालवलं नाही आणि पुढच्या वेळी परत तेच विचारलं, तर उत्तर द्यायची गरज नाही.

सभेतल्या बायकांना मात्र एक गोष्ट जरूर सांगा, आणि कोल्हापुरात ती सांगायला कोणी लागू नये. तुम्ही लग्नाचा बस्ता बांधायला गांधीनगरला जाता ना? फाळणीनंतर सिंधी निर्वासित तिथे येऊन वसले, हे सगळ्यांना माहीत असतं. त्यांच्याआधी त्याच जागेवर कोण होतं, ते फारसं कोणी बोलत नाही. वळिवड्याची छावणी. १९४३ ते १९४८, पाच हजारांच्या आसपास पोलिश माणसं. १९४० च्या सुमाराला सोव्हिएत सरकारने त्यांना पूर्व पोलंडमधून उचलून सायबेरिया, कझाकस्तानात नेऊन टाकलं होतं. १९४१ च्या पोलिश-सोव्हिएत करारानंतर सुटका झाली, इराणमार्गे ती हिंदुस्थानात आली. तेव्हाही बायका, मुलं आणि म्हातारेच. हातीपायी धड पुरुष लढाईवर. छावणीत त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, पोलिश भाषेत प्रार्थना चालायची. पाच वर्षं ती माणसं कोल्हापूरच्या बाजारात भाजी घेत होती. काही जणी इथेच लग्न करून राहिल्या. महावीर उद्यानात स्मारकस्तंभ आहे, फिरायला जाणारे रोज त्याच्यावरून जातात. वॉर्सातही कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे, ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान तिथे गेले तेव्हा पेपरात फोटो आला होता.

आणि खरी मेख पुढेच आहे. ज्या "पूर्व पोलंड" मधून ती माणसं उचलली, त्याचा मोठा भाग महायुद्धानंतर सोव्हिएत युक्रेनमध्ये गेला. लव्हिव त्यातलंच. म्हणजे वळिवड्यात राहिलेल्या काही आजींचं माहेर आजच्या युक्रेनमध्ये आहे. "ते कुठले कोण" असं कोल्हापुरातल्या मंडळीने तरी म्हणू नये. सभेत हे सांगताना तुमच्यातली एखादी जुनी बाई निघेलच, जिच्या सासूने छावणीत दूध घातलेलं असेल. तिला बोलू द्या.

राहिला शेवटचा प्रश्न. त्याला परत बोलावू नका. नोकरी त्याची, मंडळी त्याची, आणि तुम्ही बोलावलंत तर तो विचार करण्याऐवजी हट्टाला पेटेल. तुम्ही जा. पण मदत करायला म्हणून जाऊ नका. पोलिश येत नाही, युक्रेनियन येत नाही, त्या घरात आणखी एक हळवी परकी बाई नको आहे. एखाद्या शनिवारी तासभर जाऊन भाज्या चिरून द्या, त्याहून जास्त नको. बाकीचे दिवस त्याच्या खोलीत राहा, त्याला पोटभर करून घाला, आणि एक शनिवार त्याला तुमच्यासोबत घरी ठेवा. आई आलीय म्हटल्यावर सुट्टी घ्यायला त्याला कारण लागणार नाही.

मे-जूनमध्ये जा, हिवाळा तुम्हाला झेपायचा नाही. शेंगेन व्हिसासाठी मुलाचं निमंत्रण आणि त्याच्या राहण्याचे, पगाराचे कागद लागतील, ते आत्ताच मागवा. पोलंडचा वाणिज्य दूतावास मुंबईत आहे, पण भेटीची तारीख मिळायला वेळ जातो, काही महिने हाताशी ठेवा. मिस्टरांचाही अर्ज तुमच्याबरोबरच भरा. ते नको म्हणतील. तरी भरा.